ऱ्हाइनश्टाइग : नदीकाठची वाट, पण सपाट नव्हे

पायपीट (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या सप्टेंबरात आठ दिवस जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या उजव्या अंगाने चाललो. रूडेसहाइमला सुरुवात केली, कोब्लेन्झला येऊन बूट काढले. वाटेचं नाव ऱ्हाइनश्टाइग. अख्खी वाट वीसबाडेनच्या बीब्रिख राजवाड्यापासून बॉनच्या बाजारचौकापर्यंत ३२० किलोमीटरची. २००५ साली ती रीतसर खुली झाली. मी केला तो मधला तुकडा. इथे नदी डोंगर कापत जाते आणि जवळपास प्रत्येक वळणावर वर एक किल्ला, खाली एक जुनं गाव. हे खोरं २००२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

निघताना बायको म्हणाली होती, "नदीकाठनं तर चालायचंय, त्यात काय एवढं?" मलाही तसंच वाटत होतं. पहिल्याच दिवशी कळलं की ही वाट नदीच्या काठाने जात नाही, नदीच्या डोक्यावरून जाते. खालचं पाणी समुद्रसपाटीपासून साठ ते ऐंशी मीटरवर, वरचं पठार तीनशे-चारशेवर. मध्ये जितके ओढे ऱ्हाइनला मिळतात तितक्यांदा खाली उतरायचं आणि पुन्हा वर यायचं. एकेक चढ पर्वतीपेक्षा थोडाच मोठा, पण दिवसाला अशा चार-पाच पर्वत्या. पूर्ण वाटेच्या चढांची बेरीज अकरा हजार मीटरच्या पुढे जाते.

वाट चुकण्याची सोय मात्र ठेवलेली नाही. निळ्या चौकोनावर पांढरं, नदीसारखं वळलेलं रोमन 'आर'. झाडावर, खांबावर, द्राक्षमळ्याच्या भिंतीवर, सगळीकडे. गावातून वर मुख्य वाटेला येणाऱ्या जोडवाटांना तीच खूण पिवळ्यावर. तरी मी चुकलो. त्या वेळी मी एका मचाणाकडे बघत चाललो होतो. शिकाऱ्यांची लाकडी मचाणं तिथे शेताच्या कडेला जागोजाग दिसतात.

आता मुद्द्याचं. ही वाट बहुतेक लोक 'वरून' चालतात. सकाळी चढायचं, दृश्यं बघायची, फोटो काढायचे, संध्याकाळी झोपायला गावात उतरायचं आणि सकाळी परत वर. पहिले तीन दिवस मीही तेच केलं. चौथ्या दिवशी काउब नावाच्या गावात असताना पुढच्या मुक्कामाच्या मालकांचा फोन आला. माझी खोली त्यांनी चुकून दोघांना दिली होती आणि माझ्याआधी पोचलेला पाहुणा सामान लावून बसला होता. चिडचिड झाली, दोन-चार ठिकाणी फोन केले, काही जमलं नाही. शेवटी काउबलाच आणखी एक रात्र काढली. अख्खा दिवस हातात आणि गाव एवढंसं, की चहाचा कप घेऊन निघालं तर तो थंड व्हायच्या आत दुसरं टोक यावं.

तो दिवस सगळ्या सहलीत सर्वांत चांगला गेला.

काउबसमोर नदीच्या मधोमध एका खडकाळ बेटावर फाल्झग्राफेनश्टाइन नावाचा किल्ला आहे. लांबून बघितलं तर वाटतं, दगडी जहाज नांगरून ठेवलंय. तो लढाईसाठी नव्हे, जकातीसाठी बांधला. १३२६-२७ च्या सुमारास. नदीतून जाणाऱ्या प्रत्येक नावेने इथे थांबून पैसे मोजायचे. वरच्या वाटेवरून तो खेळण्यासारखा गोड दिसतो. खाली काठावर उभं राहिलं की कळतं, दोन्ही काठांना डोंगर, पात्र अरुंद, धार जोराची. नाववाला जाणार कुठे?

गल्लीतल्या एका घराच्या कोपऱ्यावर आडव्या रेघा आणि शेजारी सालं कोरली होती. पुराच्या खुणा. त्यातली एक माझ्या डोक्याच्या वर. आणि चारशे पावलांवर त्याच नदीचा पाणी मोजायचा मापदंड. काउबच्या मापाकडे सगळी जहाजं डोळे लावून असतात, कारण मधल्या ऱ्हाइनमध्ये इथेच पाणी सर्वांत उथळ. २०१८ च्या ऑक्टोबरात हा आकडा २५ सेंटीमीटरवर आला होता. म्हणजे नदी वीतभर खोल उरली असं नाही, तो आकडा मापदंडावरचा आहे, जहाजांच्या वाटेत त्याहून बरंच पाणी असतं. पण मालवाहू जहाजांना अर्ध्याहून कमी माल भरून जावं लागलं. एकाच गल्लीत डोक्यावरून गेलेला पूर आणि आटलेली नदी, दोन्हींचा हिशेब.

दुपारी एका घराचं छप्पर दुरुस्त करताना बघत बसलो. तिकडची छपरं काळ्या पातळ दगडाची असतात. कारागीर तो दगड लोखंडी धारेवर ठेवून हातोडीने टकटक करत माशाच्या खवल्यासारखा कापत होता. एक कपची उडून माझ्या पायाशी आली. उचलली आणि एकदम ओळख पटली. पाटी! शाळेतली पाटी. सगळा डोंगरच पाटीच्या दगडाचा आहे. काउबला त्याच्या खाणीही होत्या. दुसरा तुकडा घेऊन रेघ ओढली तर पांढरी उमटली. मग त्यावर 'श्री' काढला. कारागिराने वरून बघितलं आणि अंगठा दाखवला. त्याला काय वाटलं देव जाणे.

त्या दिवसापासून बेत बदलला. दिवसाचं अंतर कमी केलं, दुपारी तीनच्या आत खाली. त्यामुळे ब्राउबाखला मार्क्सबुर्ग किल्ला निवांत बघता आला, काम्प-बोर्नहोफेनवरच्या दोन 'वैरी भावां'च्या किल्ल्यांमध्ये टाइमपास करता आला. दोघांच्या मध्ये भांडणाची म्हणून एक भिंतसुद्धा आहे. माझं म्हणणं एवढंच, की ३२० पुरे करायच्या मागे लागू नका. काही विचारायचं असेल तर विचारा.

सह्यकडा

छान लिहिलंय. पण चारशे मीटरच्या टेकड्या, दर तासाला बाकडं, संध्याकाळी गादी आणि वाइन… याला ट्रेक म्हणायचं का काका? आम्ही याला शतपावली म्हणतो. :)

पायपीट

@सह्यकडा : म्हणा की. तिकडेही याला ट्रेक म्हणत नाहीत, 'वांडर्न' म्हणतात. भटकणं. सत्तरीच्या आजी दोन काठ्या टेकत माझ्या पुढे निघून गेल्या, तेव्हा माझाही तुमच्यासारखाच गैरसमज होता. एक मात्र करा. लानश्टाइनजवळ रुपर्ट्सक्लाम नावाची घळ आहे. ओढ्याच्या पात्रातूनच वाट, बाजूला धरायला तारेचा दोर, दगड शेवाळलेले. पावसानंतर तिथून उतरा आणि मग शतपावलीची व्याख्या पुन्हा लिहा.

गुडघेदुखी

नमस्कार. नावावरून कळलंच असेल. मी ५८, यजमान ६३. लेक ड्यूसेलडॉर्फला असते, येत्या सप्टेंबरात (२०२६) तिच्याकडे जायचंय. ती म्हणते आठवडाभर तुम्ही दोघं फिरून या. दोघंही शाकाहारी, अंडं चालतं. दिवसाला दहा-बारा किलोमीटर जमेल, पण रोज सामान पाठीवर घेऊन नाही. जर्मन येत नाही. जमेल का? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

कुर्ला_ते_कोलोन

ताई, जमेल. पण आधी एक महत्त्वाचं, धागाकर्त्याच्या वेळी हा प्रश्न नव्हता. उजव्या काठाची रेल्वे जुलै ते डिसेंबर २०२६ मोठ्या दुरुस्तीसाठी पूर्ण बंद ठेवणार असल्याचं जाहीर झालंय. गाडीच्या जागी बस असेल. ऱ्हाइनश्टाइगची सगळी मजा 'दमलो की गाडीत बसलो' यात आहे, आणि नेमकी तीच गाडी तुमच्या वेळी नसणार.

यावर उपाय म्हणजे मुक्काम डाव्या काठावर करा. सांक्ट गोआर, बाखाराख किंवा बोप्पार्ड. तिन्ही जुनी, सुंदर गावं, तिन्ही ठिकाणी स्टेशन. रोज होडीने पलीकडे जायचं, चालायचं आणि परत यायचं. वीसबाडेन-माइन्झपासून कोब्लेन्झपर्यंत नदीवर एकही पूल नाही, त्यामुळे पलीकडे नेणाऱ्या होड्या, म्हणजे फेरी, भरपूर. सांक्ट गोआर ते सांक्ट गोआर्सहाउझेन, काउबची, लोर्शची, बोप्पार्डसमोर फिल्झेनची, रूडेसहाइम ते बिंगेन. काउबच्या फेरीला डाव्या बाजूला स्टेशन नाही, बाखाराखहून काठाकाठाने पाऊण तास चालावं लागतं. सपाट आहे, गुडघ्यांना चालेल.

दोन वर्षं मी जवळजवळ दर शनिवार-रविवार या वाटेवर काढलाय, म्हणून बाकीचंही सुटंसुटं लिहितो.

मासिक तिकीट घ्या, डॉइचलांडटिकेट. मे २०२३ मध्ये ४९ युरोला निघालं, नंतर वाढत गेलं, तरी परवडतं. जलद गाड्या सोडून बाकी सगळ्यांत चालतं. होडीचे पैसे वेगळे. आणि ते तिकीट दर महिन्याला आपोआप नव्याने लागू होतं, वेळेत रद्द करायला विसरू नका. माझ्या सासऱ्यांनी पुण्यात बसून दोन महिन्यांचे पैसे भरले.

रविवारी दुकानं बंद. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते 'रूऽटाग', म्हणजे खाणावळीचा सुटीचा वार. लहान गावात दोनच खाणावळी असतात आणि दोन्ही सोमवारी-मंगळवारी बंद निघू शकतात. पिशवीत पाव आणि चीज ठेवाच.

पाणी. वरच्या पठारावरच्या खेड्यात दुकान नसतं, नळ दिसत नाही. तर दफनभूमीत जायचं. हसू नका, सगळे वाटसरू हेच करतात. कबरींवरची फुलझाडं जिवंत ठेवायला तिथे नळ असतोच, शेजारी हिरव्या झाऱ्या टांगलेल्या, काही ठिकाणी नाणं घातल्याशिवाय सुटत नाहीत अशा. 'काइन ट्रिंकवासर' लिहिलेलं असेल तर पिऊ नका, म्हणजे ते पिण्याचं नाही. बूट पुसून, हळू आवाजात आत जा, बाटली भरा, निघा.

गोचीड. उंच गवतातून गेलात तर रात्री पाय, गुडघ्यामागचा भाग, कंबर तपासा. चावली असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढा आणि पुढचे काही आठवडे तिथे लाल वर्तुळ पसरतंय का ते बघा. पसरलं तर लगेच डॉक्टर.

शेवटचं, कापसाचे बोळे. मालगाड्या रात्रभर धावतात आणि दरी अरुंद असल्याने आवाज दोन्ही डोंगरांवर आपटतो. खोली घेताना 'नदीचं दृश्य' असं लिहिलेलं असेल तर त्यात रुळांचंही दृश्य असतं.

चकली_भाजणी

दफनभूमीतलं पाणी!! माझ्या आईला हे सांगायचं नाही.

द्राक्षबाग_निफाड

वाटेत द्राक्षमळे आहेत असं वाचलं. धागाकर्त्यांना विनंती, मळ्यांबद्दल जरा लिहा. उतारावर वेल कसे लावतात? आमच्याकडे मांडव असतो किंवा वाय आकाराचा आधार. फोटोत तिकडे नुसत्या काठ्या दिसतात.

पायपीट

@द्राक्षबाग_निफाड : मी शेतकरी नाही, बघितलं ते सांगतो. मांडव नाहीच. एकेक वेल खुंटाला किंवा तारेला उभा बांधलेला. ओळी काही ठिकाणी थेट उतारावरून खाली येतात, काही ठिकाणी डोंगराला आडव्या पायऱ्या पाडून दगडी गडगे रचलेत. उतार इतका, की ओळीत उभं राहायचं तर एक गुडघा वाकलेलाच. ट्रॅक्टर चढू शकत नाही. काही मळ्यांत एका रुळावर दात्यांनी चढणारी छोटी गाडी असते, तिच्यातून माणूस आणि क्रेट वर जातात.

गंमत त्या पाटीच्या दगडाचीच. मळ्यात माती कमी, कपच्याच जास्त. एका मळेवाल्यांनी हातवारे करून सांगितलं की काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. संध्याकाळी साडेसहाला मी हात लावून बघितला. कोमट होता, इस्त्री बंद करून दहा मिनिटं झाल्यावर असते तसा. रिस्लिंग ही पांढरी जात इथली राणी. आस्मान्सहाउझेन हे गाव मात्र तांबड्या वाइनसाठी नावाजलेलं.

पडीक मळेही खूप दिसले. गडगे ढासळलेले, वर काटेरी झुडपं. एवढ्या उतारावर हाताने काम करायला माणसं मिळत नाहीत. ते तुमच्याइतकं कोणाला कळणार. आणि हो, वाटेवरून हात लांब केला तर घड हाताशी येतो, पण तोडू नका. चोरी धरतात.

द्राक्षबाग_निफाड

धन्यवाद. मजूर मिळत नाही हे वाचून परदेशात असल्यासारखं वाटलं नाही. आमच्याकडेही द्राक्ष तोडून खाणारे पर्यटक असतात, फक्त आम्ही त्याला चोरी म्हणायला लाजतो.

बखरबहाद्दर

पायपीट यांनी काउब आणि लोर्श पार केलं आणि 'बाटलीच्या मानेचं राज्य' सांगितलं नाही, हे अक्षम्य आहे.

पहिलं महायुद्ध संपलं. दोस्त राष्ट्रांनी ऱ्हाइनच्या उजव्या काठावर ताब्यासाठी नकाशावर वर्तुळं काढली. कोब्लेन्झ केंद्र धरून ३० किलोमीटर त्रिज्येचं अमेरिकनांचं, माइन्झ केंद्र धरून तेवढंच फ्रेंचांचं. कंपासने काढलेली दोन वर्तुळं एकमेकांना चिकटली नाहीत. मध्ये एक निमुळती फट राहिली, अगदी बाटलीच्या मानेसारखी. लोर्श आणि काउब त्या फटीत. ना अमेरिकनांचे, ना फ्रेंचांचे, आणि उरलेल्या जर्मनीशी जोडणारा धड रस्ता नाही. गाड्या थांबत नव्हत्या. मग लोर्शच्या नगराध्यक्षांनी कारभार हाती घेतला, स्वतःच्या नोटा छापल्या. माल डोंगरवाटांनी आणि रात्री नावांतून चोरून यायचा. १९१९ पासून १९२३ पर्यंत हे चाललं. त्याला लोक 'फ्राइश्टाट फ्लाशेनहाल्स' म्हणत. शब्दशः बाटलीच्या मानेचं स्वतंत्र राज्य. आज तुम्ही ज्या पायवाटांवर बाकडी मोजता, त्यांवरून कोणी पाठीवर बटाटे आणले होते.

दुसरं, किल्ल्यांबद्दल. 'प्रत्येक वळणावर किल्ला' हे खरं, पण त्यातले जुने किती ते विचारा. सांक्ट गोआर्सहाउझेनच्या डोक्यावरचा कात्झ १८०६ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने उडवला. आज दिसतो तो १८९० च्या दशकात पुन्हा बांधलेला. मधल्या ऱ्हाइनवरच्या डोंगरी किल्ल्यांपैकी कधीच न पडलेला असा मार्क्सबुर्गच. बाकीच्यांना एकोणिसाव्या शतकातल्या हौशी राजपुत्रांनी आणि धनिकांनी आपल्या कल्पनेतलं मध्ययुग चढवलंय.

सह्यकडा

म्हणजे आपल्याकडे किल्ल्यावर रंगीत फरशी बसवली की आपण बोंबलतो, आणि तिकडे केलं की युनेस्को?

बखरबहाद्दर

@सह्यकडा : बोंबलायचंच. फरक एवढाच की तिकडचा खोटेपणाही आता सव्वाशे-दीडशे वर्षांचा झालाय, त्यामुळे त्यालाच इतिहास म्हणतात. मार्क्सबुर्गमध्ये जा. चढाची फरसबंदी म्हणजे नुसता ओबडधोबड कातळ, घोड्यांसाठी पायऱ्या खोदलेल्या. तिथे कोणी सिमेंट ओतलं नाही. तो किल्ला जर्मन किल्लेसंघटनेच्या ताब्यात आहे आणि त्यांचं कार्यालयही तिथेच.

आणि बॉनपर्यंत गेलात तर दोन गोष्टी आपल्याकडच्या माणसाने लक्षात ठेवाव्यात. वाट बाजारचौकात संपते, तिथून विद्यापीठ चालत पाच मिनिटांवर. आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल तिथे प्राध्यापक होता. १८२३ मध्ये त्याने भगवद्गीता देवनागरीत छापली, लॅटिन भाषांतरासह, बॉनमध्ये. आणि बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला शिकत असतानाच १९२१ मध्ये याच विद्यापीठात नाव नोंदवलं होतं.

कुर्ला_ते_कोलोन

बखरबहाद्दर, बाबासाहेबांचं ठाऊक होतं, श्लेगेलचं नव्हतं. कोब्लेन्झ ते बॉन या उत्तरेच्या भागाला लोक टाळतात, तेही चूक आहे. लिन्झची रंगीत लाकडी चौकटींची घरं आहेत. एर्पेलजवळ कड्यावरून रेमागेनच्या पुलाचे उरलेले बुरूज दिसतात. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने तो पूल ७ तारखेला घेतला आणि १७ तारखेला तो आपणच कोसळला. उंकेलला विली ब्रांट अखेरपर्यंत राहिले, आणि पुढे चालत जाण्याच्या अंतरावर रोन्डोर्फला आडेनाउअरचं घर. पश्चिम जर्मनीचे दोन चान्सलर, दोन पक्ष, एकाच वाटेवर. त्यानंतर द्राखेनफेल्स टेकडी, ३२१ मीटर. वर जायला १८८३ पासूनची दातेरी रेल्वे आहे. गुडघेदुखीताई, हा टप्पा तुमच्यासाठीच. लेकीकडून एका दिवसात होतो.

गुडघेदुखी

किती छान माहिती देताय सगळे. खाण्याचं कोणी सांगेल का? यजमान चहा-पावावर आठ दिवस राहणार नाहीत.

पायपीट

ताई, उपाशी राहणार नाही, पण फसाल. मी फसलो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे 'फेडरवाइसर' मिळते, अजून आंबत असलेली गढूळ नवी वाइन. तिच्यासोबत कांद्याचा केक खातात. कांदा, अंडं, साय, छान सोनेरी. मी अर्धा संपवल्यावर दातात काहीतरी चिवट आलं. डुकराचे बारीक तुकडे. तेव्हा प्रत्येक ठिकाणी आधी 'ओने श्पेक?' विचारायचं, म्हणजे 'श्पेकशिवाय?'. श्पेक म्हणजे हेच तुकडे. परतलेल्या बटाट्यांतही तो असतो, वरवर साध्या दिसणाऱ्या पदार्थांतही.

निर्धास्त खायचं ते श्पुंडेकेस. मऊ चीज, वर तिखट, सोबत खारी ब्रेझेल. जवळजवळ चक्क्यासारखं लागतं. मळेवाल्यांच्या घरात हंगामापुरत्या चालणाऱ्या खाणावळी, 'श्ट्राउसविर्टशाफ्ट', असतात, त्या शोधा. कायद्याने वर्षाला चार महिने आणि चाळीस खुर्च्या एवढीच मुभा. दारावर फांद्यांचा झुपका टांगलेला दिसला की उघडं आहे. आम्ही बसलो होतो ती जागा म्हणजे त्यांची वाहनं लावायची शेड होती. मळेवाल्याची आई ताटं आणत होती आणि नातू कोपऱ्यात गृहपाठ करत होता.

फेडरवाइसरबद्दल आणखी एक. बाटली विकत घेतली. आतमध्ये वायू तयार होत असतो म्हणून तिचं झाकण मुद्दाम सैल असतं. विकणाऱ्या बाईंनी बाटली उभी धरून दाखवली, दोनदा. मी मान डोलावली आणि पिशवीत आडवी टाकली. पुढचे दोन दिवस माझ्या कपड्यांच्या मागे गांधीलमाश्या होत्या.

चकली_भाजणी

:D :D कपडे 'ओने' वाइन मागायचे होते.

गुडघेदुखी

ठरलं. लेकीने खोली घेतली, सांक्ट गोआरला, पाच रात्री, नदीच्या बाजूची नको असं बजावून. तीन दिवस होडीने पलीकडे जाऊन थोडं थोडं चालणार, एक दिवस बाखाराखहून काउब, एक दिवस नुसतं बसणार. रुपर्ट्सक्लाम रद्द. यजमान म्हणतात मार्क्सबुर्गला चढणार, मी खाली बसून वाट बघणार. सगळ्यांचे आभार.

पायपीट, एक विचारायचं राहिलं. तो 'श्री' काढलेला तुकडा घरी आणलात का?

पायपीट

नाही. काउबला फेरीच्या धक्क्याजवळ एक बुटका दगडी कठडा आहे, त्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा रात्री पाऊस पडून गेला होता. अक्षर पुसलं गेलं होतं, पाटी तिथेच होती.